वाढत जाणारा आकडा

१

रविवारी दुपारी, सगळं केंद्र जेवणानंतरच्या सुस्तीत असताना, डेटाबेसची साप्ताहिक देखभाल पुन्हा मध्येच कोसळली. स्क्रीनवर तीच लाल ओळ उमटली. मेमरी मिळू शकली नाही, काम थांबवले आहे.

काचेच्या भिंतीबाहेर उभ्या असलेल्या संचालकाने ती ओळ वाचली, कपाळाला हात लावला आणि आत्याला फोन केला.

“आत्या, झोपली होतीस का?”

“दुपारी झोपायला मी काय मांजर आहे? बोल.”

“डेटाबेस बंद पडला तर देवमासे मरतील. आणि बिघाड करणारं माणूस बहुतेक माझ्याच घरातलं आहे.”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

आत्याचं सगळं आयुष्य आजारी डेटाबेस बरे करण्यात गेलं होतं. इस्पितळांचे, रेल्वेचे, विमानतळांचे. आता ती घरी असायची, गुडघ्यांना तेल चोळायची, पण कुठे काही अडलं की लोक अजून तिचाच नंबर फिरवायचे. यंत्राला हात लावायच्या आधी ती माणसांशी बोलायची, आणि तिच्या मते अर्धा आजार तिथेच कळायचा.

भाच्याने थोडक्यात सांगितलं. केंद्राने समुद्राच्या तळाशी दूरदूरपर्यंत मायक्रोफोन टाकून ठेवले होते. केंद्रातले लोक त्यांना नुसतं ‘कान’ म्हणत. हे कान देवमाशांच्या हाका टिपत, डेटाबेस त्या हाकांवरून देवमासा कुठे आहे ते ठरवी, आणि त्या बाजूने जाणाऱ्या जहाजाला आपोआप निरोप जाई की पुढे देवमासा आहे, वेग कमी करा. हे सुरू झाल्यापासून जहाजाखाली सापडून मेलेला देवमासा किनाऱ्याला लागणं जवळजवळ थांबलं होतं.

दर रविवारी देखभाल चाले. आधी आठवड्याच्या हाकांची संभाषणांप्रमाणे गाठोडी बांधायची, मग जुन्या, निरुपयोगी नोंदींची झाडलोट, मग सूची नव्याने लावायची. आधीची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नसे. गेले काही रविवार पहिल्याच पायरीवर घोडं अडत होतं. झाडलोट तुंबली होती. आता डेटाबेसने शेवटचा इशारा दिला होता की सफाई झाली नाही, तर तो स्वतःहून नव्या नोंदी घेणं बंद करेल.

“आणि संप?” आत्याने विचारलं. बंदरातल्या कामगारांचा संप, समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरचा, रोज बातम्यांत होता.

“तेच तर. आज ना उद्या मिटेल. जहाजं आठवडेच्या आठवडे उभी आहेत, सगळी एकदम सुटतील. त्या वेळी आपण मुके असलो तर...”

“घरातलं माणूस म्हणालास.”

भाच्याचा आवाज खाली आला. “पहिल्यांदा काम कोसळलं त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी मेमरीची सेटिंग बदलली. तुझ्या सूनबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्याच खात्यातून. उद्या केंद्राच्या समितीची बैठक आहे, त्यांना तिला काढायचंय.”

“ती काय म्हणते?”

“मी विचारलंच नाही. ती माझ्याशी बोलत नाहीये.”

“रिक्षा बघते,” आत्या म्हणाली.

२

केंद्राकडे जाणारा रस्ता बंदराला लागून होता. आत्याने रिक्षातून पाहिलं. जहाजं ओळीने उभी, क्रेनच्या माना वर तशाच थिजलेल्या, आणि धक्क्यावर खलाशी पत्ते खेळत बसलेले. एरवी इथे बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आज पत्ता आपटल्याचासुद्धा आवाज ऐकू येत होता.

पहिला भेटला तो यंत्रं सांभाळणारा इंजिनियर. खिशात सदान्‌कदा स्क्रूड्रायव्हर, म्हणून सगळे त्याला स्क्रूभाऊ म्हणत. तो आधीच फणफणला होता.

“बाई, माझ्या यंत्रांना दोष देऊ नका, आधीच सांगतो. मेमरी कमी पडते म्हणाले, मी दुप्पट केली. डिस्क तपासल्या, ठणठणीत आहेत. तरी हे रडगाणं चालूच!”

“काम कोसळतं त्या घटकेला किती मेमरी वापरात असते?”

“तीच तर गंमत आहे. निम्म्याहून जास्त रिकामी असते.”

आत्या थबकली. “म्हणजे कोठीत धान्य पडलंय, आणि माणूस उपाशी मेला म्हणून सांगतायत?”

“आता ते तुम्हीच शोधा,” स्क्रूभाऊ म्हणाला, पण त्याचा पारा जरा उतरला होता. त्याने स्वतःच खुर्ची पुढे ओढून दिली.

भाचेसून डेटाबेसची प्रशासक होती. ती आपल्या जागेवर ताठ बसली होती. डोळे लाल, टेबल मात्र लख्ख. आत्याला पाहून उठली आणि वाकली.

“राहू दे गं. सेटिंग तू बदललीस?”

“हो आत्या, मीच. गाठोडी बांधायला आधीच्या रविवारी नेहमीच्या दुप्पट वेळ लागला होता. म्हणून मेमरी वाढवून दिली. बिघडायला लागलं होतं म्हणून हात लावला. मी हात लावला म्हणून बिघडलं नाही.”

“नवऱ्याला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की! भांडी घासताना सांगितलं. हे ‘हं’ म्हणाले. यांचं ‘हं’ म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये. आता समितीला म्हणतात, मला कल्पना नव्हती.” तिने लख्ख टेबल पुन्हा एकदा पुसलं. “चूक काढली असती तर चाललं असतं. विचारायलासुद्धा आले नाहीत.”

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची बाजू मांडावी असं आत्याच्या हाती अजून काही नव्हतं.

तिसरा माणूस जिन्याखालच्या खोलीत बसायचा. देवमाशांच्या आवाजांचा अभ्यासक. त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि तो त्या नावाला ओही द्यायचा. आत्या दारात आली तशी त्याने घाईने एक बटण दाबलं. कोपऱ्यात कमरेएवढा मोठा स्पीकर होता. त्यावर धुळीचा थर होता, पण मधल्या काळ्या पडद्यावर हाताच्या पंज्याएवढी जागा स्वच्छ होती.

“डेटाबेसमध्ये तुमचं काही मोठं काम चालू आहे का?” आत्याने विचारलं.

“छे. मी कित्येक दिवसांत उघडलासुद्धा नाही.”

“मग हल्ली करता काय दिवसभर?”

“जुनं वाचतो,” कानसेन म्हणाला. टेबलावर एकही पुस्तक नव्हतं.

आत्या उठली. दारातून तिने सहज विचारलं, “सूनबाईची नोकरी जाणार, ऐकलंत?”

कानसेनचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याने ओठ घट्ट मिटले.

३

“ती लाल ओळ मला पूर्ण दाखवा,” आत्या म्हणाली. “पहिल्यापासूनची, प्रत्येक रविवारची.”

भाचा, भाचेसून आणि स्क्रूभाऊ तिच्या मागे उभे राहिले. नवरा-बायकोच्या मध्ये स्क्रूभाऊ, हे बरंच झालं.

“‘मिळू शकली नाही’ एवढं सगळ्यांनी वाचलं,” आत्या चष्मा वर करत म्हणाली. “मागितली किती, हे कुणी वाचलंय? शेवटी आकडा आहे बघा.”

भाचेसून पुढे वाकली. “एवढी? एकाच वेळी? आत्या, हे शक्य नाही. आपला डेटाबेस कुठल्याही एका वस्तूसाठी एका गिगाबाइटच्या वर जागा देतच नाही. तो नियम त्याच्या हाडातच आहे.”

“बरोबर. यंत्रात मेमरी समुद्राएवढी असली तरी देणार नाही. दारच तेवढं आहे. आत कितीही मोठा वाडा असू दे, दारातून हत्ती जायचा नाही.” आत्या भाच्याकडे वळली. “म्हणजे स्क्रूभाऊंनी मेमरी दुप्पट केली त्याचा उपयोग शून्य. आणि तुझ्या बायकोने बदललेल्या सेटिंगचा या दाराशी काडीचा संबंध नाही. ती सेटिंग होती तशी ठेवली असती, तरी काम त्याच रविवारी कोसळलं असतं.”

भाच्याने बायकोकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

“मग कुणी केलं?” स्क्रूभाऊने विचारलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला काहीतरी सुचलं. “बाई, असे अचाट आकडे नोंद खराब झाली की येतात. डिस्कवर एखादा कण बिघडला, नोंदीच्या लांबीच्या जागी कचरा वाचला गेला...” बोलता बोलता तोच घाबरला, कारण डिस्क त्याच्या होत्या.

“मलाही आधी तेच वाटलं. गाठोड्यांची पायरी तेवढी पुन्हा चालवा.”

काम चाललं, कोसळलं. आत्याने भाचेसुनेला आकडा मोठ्याने वाचायला लावला. मग सगळ्यांना चहा प्यायला पाठवलं. परत आल्यावर पुन्हा तेच काम चालवलं.

भाचेसुनेने आकडा वाचला, थांबली, पुन्हा वाचला. “आत्या, वाढला.”

“थोडासाच ना?”

“थोडासाच. पण वाढला.”

“मागच्या रविवारचे बघ. त्याच्या मागचे बघ.”

प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. स्क्रूभाऊने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून उगाच हातात धरला.

“कचरा वाचला गेला असता तर दरवेळी तोच आकडा आला असता,” आत्या हळू म्हणाली. “मोडलेली वस्तू वाढत नसते. आपण चहा पीत होतो, तेवढ्यातसुद्धा हे वाढलं. आत काहीतरी चालू आहे. आत्ता, या क्षणाला.”

४

शोधायची रीत साधी होती. निम्म्या नोंदींवर काम चालवायचं. सुरळीत झालं तर खोट उरलेल्या निम्म्यांत. मग त्यांतल्या निम्म्या. भाचेसुनेचे हात कीबोर्डवर असे चालले की आत्या बघतच राहिली. शेवटी सबंध समुद्रातली एकच नोंद हाती उरली.

ते एक संभाषण होतं.

“एका देवमाशाने हाक दिली आणि दुसऱ्याने ओ दिली, की आपला प्रोग्राम दोन्ही एका गाठोड्यात घालतो,” भाचेसून समजावू लागली. “ओ आली नाही की गाठ मारून मोकळा होतो. संभाषण फार तर एखादी दुपार चालतं. आणि हे...” तिने सुरुवातीची तारीख काढली. “हे पहिल्या बिघाडाच्या आधीपासून चाललंय. याची गाठच बसली नाहीये.”

“कुठला तरी कान अडकला असेल. तोच आवाज परत परत देत असेल,” भाचा म्हणाला.

“किंवा कुणी खोट्या हाका भरत असेल,” स्क्रूभाऊ म्हणाला. “समितीला तसाच कुणीतरी दोषी हवाय.”

“बघू. हाक आणि ओ यांच्यात वेळ किती जातो?”

भाचेसुनेने रकाना उघडला. वाचता वाचता तिचा आवाज मंदावला. “तासाच्या वर. प्रत्येक वेळी तासाच्या वर. पण सारखा नाही. थोडा कमी, थोडा जास्त.”

“खोटं भरणारा एवढी मेहनत घेत नाही. आणि अडकलेलं यंत्र कमी-जास्त करत नाही. पाण्यात आवाज किती वेगाने जातो?”

“पाणी गरम-थंड असेल तसा बदलतो.” बोलता बोलताच ती उठून उभी राहिली. “आत्या, तळाच्या पाण्याचं रोजचं तापमान आपल्याकडे आहे.”

तिने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. पाणी जिथे कोमट झालं होतं, तिथे उत्तर जरा लवकर आलं होतं. जिथे थंड, तिथे उशिरा. दोन्ही रेषा एकमेकींच्या बोटाला धरून चालल्यासारख्या जात होत्या. तो तासाभराचा वेळ आवाजाला पाण्यातून जायला लागत होता.

“एवढ्या वेळात आवाज कुठवर जातो?” आत्याने विचारलं.

भिंतीवर समुद्राचा नकाशा होता. भाच्याने या किनाऱ्याजवळच्या कानावर बोट ठेवलं आणि ते सरकवत नेलं. हात पुरेना, म्हणून दोन पावलं चालला. बोट पार पलीकडच्या किनाऱ्यापाशी थांबलं.

“हे होऊ शकत नाही,” तो कुजबुजला.

“होऊ शकतं,” दारातून आवाज आला. कानसेन उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी रोज ऐकतोय.”

५

ते सगळे जिन्याखालच्या खोलीत दाटीने उभे राहिले.

“मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं,” कानसेन म्हणाला. “पण सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? डेटाबेस वाचवायला ही नोंद पुसली असती. माझी हिंमत झाली नाही.” तो भाचेसुनेसमोर हात जोडून उभा राहिला. “तुमच्यावर बालंट आलं तरी मी तोंड उघडलं नाही. हे माफ करण्यासारखं नाही.”

“नाहीच,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण ऐकवा.”

“हा आवाज इतका खोल असतो की आपल्या कानाला कळत नाही. हात ठेवा.”

त्याने बटण दाबलं. भाचेसुनेने स्पीकरच्या काळ्या पडद्यावर पंजा टेकला. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरू लागलं होतं. तिने श्वास रोखला. तळहाताखालचा पडदा सावकाश फुगत होता, सावकाश बसत होता, जणू झोपलेल्या एखाद्या प्रचंड जिवाच्या छातीवर तिने हात ठेवला होता.

“किती जण आहेत?” आत्याने विचारलं.

“जेवढे आपल्याला माहीत आहेत, तेवढे सगळे. या बाजूचे आणि त्या बाजूचे. ते वेगवेगळे कळप आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं मीच आजवर लिहीत आलो.”

“आणि आत्ताच का?” भाच्याने विचारलं.

आत्या मघाशी वाचलेल्या तारखेचा विचार करत होती. “दोन्हीकडची बंदरं बंद झाली, त्याच्यानंतर लगेच हे सुरू झालं. हो ना?”

कानसेनने मान हलवली. “जहाजांचा आवाज थांबला. माझ्या जन्मात समुद्र इतका शांत झाला नव्हता. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या जन्मातही नसेल. हाका ते आधीही मारत असतील. या वेळी त्या ऐकू गेल्या.”

स्क्रूभाऊ भिंतीला टेकून हळूच खाली बसला.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

“संप मिटला. तासाभरात पहिली जहाजं सुटतायत.”

६

“नोंद पुसावी लागेल,” भाचा म्हणाला. त्यालाही ते बोलताना त्रास होत होता. “कानसेन, माझा इलाज नाही. सफाई झाली नाही तर डेटाबेस आज बंद पडेल, आणि जहाजं आंधळी निघतील. बोलणं जपायचं आणि बोलणारे मारायचे, असं नाही करता येणार मला.”

कानसेनने डोळे मिटले. आत्या भाचेसुनेकडे बघत होती.

“पुसायचं कशाला?” भाचेसून म्हणाली. तिचं लक्ष अजून स्वतःच्या तळहाताकडे होतं. “दार लहान आहे तर हत्ती एकदम आत नेऊ नये. हत्तीचं जाऊ दे, आगगाडी म्हणा. एकेक डबा न्यावा. प्रत्येक दिवसाचं वेगळं गाठोडं बांधू, आणि प्रत्येकात पुढच्याचा पत्ता ठेवू. संभाषण अखंडच राहील, आणि कुठलंच गाठोडं दारापेक्षा मोठं होणार नाही.”

“वेळ पुरेल?”

“तुम्ही बोलत उभे नाही राहिलात तर पुरेल,” ती नवऱ्याला म्हणाली. कित्येक दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

तो बाजूला झाला. तिने लिहिलं, आत्याने ओळ न्‌ ओळ तपासली, एका जागी स्वल्पविराम राहिला होता तो दाखवला. काम सुरू झालं. गाठोडी बांधली गेली. लाल ओळ आली नाही. झाडलोट सुरू झाली, आणि इतक्या दिवसांचा तुंबलेला कचरा हलू लागला. सूची लागली. शेवटी स्क्रीनवर हिरवी ओळ आली. देखभाल पूर्ण.

स्क्रूभाऊने टाळी वाजवली आणि आपल्याच आवाजाने दचकला.

“समितीला मी आत्ताच लिहितो,” भाचा बायकोला म्हणाला. “सगळं लिहितो. तू मला सांगितलं होतंस, हेही. मी नीट ऐकलं नव्हतं.”

तिने मान डोलावली. “घरी बोलू.” पण तिने आपली खुर्ची थोडी सरकवली आणि शेजारी जागा केली.

इतक्यात खालून कानसेनची हाक आली. सगळे धावत जिना उतरले, आत्यासुद्धा, गुडघ्यांची पर्वा न करता.

त्याच्या स्क्रीनवर सगळा समुद्र होता, आणि त्यावर कानांचे ठिपके. पलीकडच्या किनाऱ्याजवळचा एक ठिपका मघाशीच उजळून विझला होता. मग त्याच्या अलीकडचा उजळला. मग त्याच्याही अलीकडचा.

“पलीकडून ओ निघाली आहे,” कानसेन म्हणाला. “जहाजं सुरू व्हायच्या आधी निघालेली. जिला द्यायची आहे ती मादी इथे आहे, आपल्या बंदराच्या तोंडाशी. पण...” त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथले ठिपके पिवळसर व्हायला लागले होते. इंजिनं सुरू झाली होती. “गोंगाट वाढतोय. शेवटच्या टप्प्यात ती बुडून जाईल.”

भाचा फोन काढून बंदराच्या अधिकाऱ्याचा नंबर शोधू लागला. भाचेसुनेने त्याच्या हातावर हात ठेवला.

“थांबा. बंदराच्या तोंडाशी देवमासा आहे ना? मग निरोप आपोआप गेलाच पाहिजे. डेटाबेस चालू आहे.”

तिचं वाक्य पुरं होण्याआधीच पहिल्या जहाजाला निरोप गेला. पुढे देवमासा आहे, वेग कमी करा. मग दुसऱ्याला. मग मागच्या सगळ्या ओळीला. खिडकी नसलेल्या त्या खोलीत पाच माणसं पिवळ्या ठिपक्यांकडे टक लावून बसली. पहिला ठिपका फिकट झाला. दुसरा झाला. जहाजं थांबली नव्हती, पण हलक्या पावलांनी चालू लागली होती.

समुद्राच्या मधोमध एक ठिपका उजळला. बराच वेळ गेला. त्याच्या अलीकडचा उजळला. कुणी बसल्या जागेवरून हललं नाही. मग किनाऱ्यापासचा शेवटचा कान, अगदी मंद, उजळला.

आत्याने स्पीकरवर हात ठेवला. पडदा हलल्यासारखा वाटला, नाहीसाही वाटला. मग नक्की हलला. एक लांब, सावकाश उसासा, सबंध समुद्र ओलांडून आलेला.

“पोचली,” ती म्हणाली.

आणि लगेच, तिच्या तळहाताला जोराचा धक्का देत, पेल्यातलं पाणी काठाबाहेर सांडत, बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्या मादीने उत्तर दिलं.